टॅपेटवरचा निळसर डाग कसा वाचायचा

ट्रॅक्टरचं इंजिन खोललेलं आहे. मिस्त्रीने टॅपेट, म्हणजे कॅमचा (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचा) धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग, काढून समोर ठेवला आहे. कॅमशी घासणाऱ्या तोंडावरचं काळं तेल ओघळून गेलं की खाली तपकिरी-निळसर झाक दिसते, पहिल्या पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखी. तो जळकट डाग नाही. तेलात मिसळलेल्या रसायनांनी चालत्या इंजिनात धातूवर बसवलेला तो पापुद्रा आहे. जाडी साधारण ५० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. टॅपेट आणि कॅम झिजून जात नाहीत ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

हा पापुद्रा कशाचा आहे हे वर्णपट (नमुन्यावर प्रकाश किंवा क्ष-किरण टाकून मिळणारा आलेख) घेऊन ओळखायचं, हे काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी मी लिहितो आहे. पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, एम.एस्सी.ची मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो. इथे जिनिंग आहे, डाळ मिल आहे, ट्रॅक्टर गल्लोगल्ली आहेत. मोठी प्रयोगशाळा नाही. पण या कामातल्या बहुतेक चुका यंत्रापाशी होतच नाहीत. त्या गराजमध्ये, धुण्याच्या वाटीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत होतात. म्हणून यंत्राआधीच्या गोष्टींवर मी जरा जास्तच बोलणार आहे.

आधी तिथे असतं काय?

इंजिन ऑइलच्या डब्यात नुसतं तेल नसतं. त्यात झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट नावाचं संयुग असतं; या क्षेत्रातले लोक त्याला झेडडीडीपी म्हणतात. १९४० च्या दशकात ते वापरात आलं ते तेल खराब होऊ नये, बेअरिंग गंजू नये म्हणून. झीज रोखण्याचा गुण नंतर ध्यानात आला. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर दाबून घासतात तिथे उष्णतेने आणि ताणाने हे संयुग फुटतं आणि जस्ताच्या फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. वरच्या अंगाला लांब साखळ्यांचं पॉलिफॉस्फेट, धातूकडे जावं तशा साखळ्या आखूड, आणि तळाशी सल्फाइडं. थर सलग नसतो. मे महिन्यात भेगाळलेलं काळं रान बघा: ढेकळांसारखे चपटे तुकडे आणि मध्ये फटी. सूक्ष्मदर्शकाखाली तसंच दिसतं, फक्त ढेकूळ काही मायक्रॉनचं.

त्याच्या सोबतीला आणखी मंडळी असतात. तेलातल्या डिटर्जंटमधून आलेलं कॅल्शियम, डिझेलची काजळी, तेल जळून झालेलं व्हार्निश, लोखंडाची ऑक्साइडं. जिनिंगच्या गिअरबॉक्समधलं ईपी (प्रचंड दाबाखाली चालणारं) तेल वेगळं. त्यात भर असतो गंधक-फॉस्फरसच्या संयुगांवर, आणि दात्यांवर शोधायचं असतं ते लोखंडाचं सल्फाइड आणि फॉस्फेट.

प्रश्न लहान करा

‘थर कशाचा आहे?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘घासलेल्या पट्ट्यात आहे ते शेजारच्या न घासलेल्या कडेवर आहे का?’ हा प्रश्न बरा. ‘सीलबंद डब्यातलं तेल आणि ड्रममधलं सुटं तेल, दोन्हीवर सारखेच तास चाललेल्या टॅपेटांच्या थरात फरक आहे का?’ हा त्याहून चांगला. वर्णपट तुलनेतच बोलतो. एकटा वर्णपट समोर ठेवून अर्थ काढत बसलात की हवं ते दिसायला लागतं.

म्हणून एका टॅपेटमागे सोबत हे गोळा करा: त्याच टॅपेटची न घासलेली कड, त्याच मेकचा कोरा टॅपेट, डब्यातलं ताजं तेल आणि त्याच इंजिनातून काढलेलं काळं तेल. कोऱ्या टॅपेटवर बरेच जण पैसे वाचवतात. तो नेमका हवाच, कारण पुष्कळ कॅमशाफ्ट-टॅपेटांना कारखान्यातच मँगनीज फॉस्फेटचा हात दिलेला असतो, सुरुवातीच्या दिवसांत घासून बसायला मदत व्हावी म्हणून. फॉस्फरस सापडला म्हणून उड्या माराल आणि तो तेलाने दिलेलाच नसेल! फॉस्फरससोबत मँगनीज दिसलं तर आधी कोरा टॅपेट तपासा.

गराजमध्ये

मिस्त्रीशी आधी बोलून ठेवा. आमच्याकडच्या मिस्त्रीला मी फोनवर सांगितलं होतं, टॅपेट काढून ठेवा, दुपारी येतो. गेलो तर टॅपेट वर्तमानपत्रावर चांदीसारखे चमकत होते. “सर, तुमचं काम म्हनून मी सोता घासले. पॉलिश पेपर मारून चकाचक करून देल्ले!” आठशे तास चाललेल्या इंजिनाचा पापुद्रा त्याने पाच मिनिटांत, अगदी प्रेमाने, साफ केला होता. चूक माझी. काय करायचं नाही ते सांगायचं राहून गेलं होतं.

तर काय करायचं नाही ते असं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यात धुवायचं नाही. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कॉटन वेस्ट काही लावायचं नाही. चुंबकाने उचलायचं नाही. पोलाद चुंबकीय झालं की पुढे एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासणारं यंत्र) आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉनांच्या वाटा वाकतात आणि चालवणारा तुमच्यावर वैतागतो. घासणाऱ्या तोंडाला बोट लावायचं नाही. पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेल्या इंजिन ऑइलचा कातडीशी सततचा संबंध तसाही चांगला नाही, त्यामुळे एक जोडी मिस्त्रीलाही द्या.

टॅपेट कडेने धरून काढा आणि तेलासकट ठेवा. अंगावरचं तेल हेच त्याचं संरक्षण. हवेतला ओलावा त्या थरापर्यंत सहज पोचत नाही. पॉलिफॉस्फेटच्या साखळ्या पाण्याने तुटतात हे कायम डोक्यात असू द्या. आपल्याकडे जुलैत मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे या थराचं काय होईल?

ठेवायचं काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत किंवा हेप्टेनने विसळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये. प्लास्टिकच्या झिप पिशव्या नकोत. पिशवी पिशवीला चिकटू नये म्हणून पॉलिथिनमध्ये घसरण आणणारी अमाइड जातीची द्रव्यं घातलेली असतात. ती धातूवर उतरतात आणि वर्णपटात १६५० च्या आसपास एक शिखर (आलेखातलं टोक; आकड्यांचं एकक पुढे सांगतो) उगवतं, ज्याचा इंजिनाशी काडीचा संबंध नसतो.

वहीत लिहा: मीटरवरचे तास, तेलाची ग्रेड, तेल शेवटचं कधी बदललं, कितव्या सिलिंडरचा टॅपेट, इनटेकचा की एक्झॉस्टचा, आणि गॅस्केटला कोणतं सोल्युशन लावलं होतं. ही शेवटची नोंद कोणी करत नाही. मीही करत नव्हतो. त्याची गोष्ट पुढे येते.

कापायचं काम पडणार असेल तर त्याचा विचार इथेच करा. टॅपेटचं तोंड इतकं कडक असतं की हॅकसॉ त्यावर घसरतो. वायर-कट करून देणारे मिळतात, पण ते मशीन बहुधा पाण्यात चालतं आणि पाणी आपल्याला नको आहे. संथ चालणारी, तेलाचं कुलंट वापरणारी डायमंड आरी मिळाली तर उत्तम. नाहीतर कापावाच लागणार नाही असा भाग निवडा. बेअरिंगचा रोलर छोटा असतो, आख्खा आत जातो. बिडाची पिस्टन रिंग हातांनी तुटते. मात्र वरच्या रिंगवर अनेकदा क्रोमचा किंवा मॉलिब्डेनमचा लेप असतो, तिथे लोखंडावरचा थर शोधू नका. कापायचं झालंच तर तेल अंगावर असतानाच कापा आणि मग धुवा.

धुणं

तेल घालवायचं आणि पापुद्रा ठेवायचा, एवढंच हे काम. तेलाचा ओघळ काही मायक्रॉनचा, पापुद्रा त्याच्या दहाव्या भागाहून लहान. तेल राहिलं तर वर्णपटात फक्त तेल दिसेल.

मी नॉर्मल हेप्टेन वापरतो. हेक्झेन स्वस्त पडतं, पण त्याची वाफ दीर्घकाळ हुंगणं मज्जातंतूंना घातक आहे, आणि आपल्या बहुतेक लॅबमधल्या एक्झॉस्ट पंख्यांची तब्येत सगळ्यांना माहीत आहे. हेप्टेनही पेट घेतं, थंड हवेतसुद्धा. शेजारी स्टोव्ह, हॉट प्लेट, देवापुढची उदबत्ती काही नको.

तीन स्वच्छ बीकर घ्या. पहिल्यात हलक्या हाताने हलवून मोठं तेल काढा. दुसऱ्यात, अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर पाच मिनिटं. जास्त नको, सैल तुकडे निघतात. तिसऱ्यात नुसतं विसळणं. साबण नाही, पाणी नाही. काही जण शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन वापरतात. माझा कल हेप्टेनवरच थांबण्याकडे. काहीही वापरा, पण कोरा टॅपेट, कड आणि घासलेलं तोंड, सगळ्यांना तीच अंघोळ द्या.

धुणं पुरलं का, हे नजरेने ठरवू नका. तिसऱ्या बीकरमधला एक थेंब एफटीआयआरच्या (अवरक्त प्रकाशाने वर्णपट घेणाऱ्या यंत्राच्या) एटीआर स्फटिकावर (ज्याला नमुना टेकवून मोजतात त्यावर) टाका, उडून जाऊ द्या आणि वर्णपट घ्या. २९२५ आणि २८५५ ला तेलाची जोडी उभी दिसली तर आणखी एक बीकर. यात दोन मिनिटं जातात आणि आठवडा वाचतो.

वाळवायला रबरी फुग्याचा ब्लोअर. गराजचा कॉम्प्रेसर अजिबात नाही; त्याच्या हवेतच तेलाचा फवारा असतो. धुतलेला टॅपेट त्याच दिवशी मोजा. जमत नसेल तर ताज्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये. सिलिका जेल निळं आहे की ओलावा पिऊन गुलाबी झालंय ते बघा. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं गुलाबी होतं आणि सगळे त्याला तसाच रंग असतो असं समजत होते.

यंत्रावर जाण्याआधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढा आणि घासलेला पट्टा, कड, डाग यांचा हाताने नकाशा काढा. पुढचं प्रत्येक मोजमाप त्या नकाशावर खूण करून.

एफटीआयआर: आधी ते शोधा

इंजिनिअरिंग कॉलेजात नसेल तर फार्मसी कॉलेजात विचारा. विदर्भात बी.फार्म.ची कॉलेजं तालुक्यापर्यंत पोचली आहेत आणि औषधांच्या तपासणीसाठी पुष्कळांकडे एफटीआयआर असतं. प्राचार्यांना पत्र द्या, टॅपेट स्वच्छ धुवून न्या, तेलकट बाटल्या त्यांच्या बाकावर ठेवू नका. पुढच्या वेळी दार उघडं राहतं.

तत्त्व थोडक्यात. रेणूतले बंध आपापल्या वारंवारितेने थरथरतात आणि त्या त्या वारंवारितेचा अवरक्त प्रकाश गिळतात. कोणता प्रकाश गिळला गेला त्यावरून कोणता बंध आहे ते कळतं. आडवा अक्ष ४००० ते ४०० प्रति सेंटिमीटर असा असतो. एफटीआयआर आणि रामनचे सगळे आकडे याच एककात आहेत. आलेखातल्या टोकांना इंग्रजीत ‘पीक’ म्हणतात. पीक म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर कापूस-तूर येते, म्हणून मी शिखर म्हणतो.

पहिल्या दिवशी टॅपेटला हात लावू नका, तेलापासून सुरुवात करा. ताज्या तेलाचा थेंब एटीआरवर, मग काळ्या तेलाचा. तेलाची स्वतःची शिखरं दोन्हींत: २९५५ ते २८५०, १४६०, १३७७, ७२२. ताज्या तेलात १००० च्या किंचित खाली झेडडीडीपीच्या फॉस्फरस-ऑक्सिजन-कार्बन बंधाचा उंचवटा आणि ६६० च्या जवळ फॉस्फरस-गंधक बंधाचा. काळ्या तेलात हे खचलेले दिसतात. १७०० ते १७५० ला कार्बोनिल वर आलेलं असतं. ते तेलाचं ऑक्सिडेशन. पण काही तेलांत घट्टपणा सांभाळणारी पॉलिमरं १७३० ला आधीपासूनच बोलत असतात, म्हणून ताज्या तेलाशी वजाबाकी केल्याशिवाय ‘तेल जळलं’ म्हणू नका. काजळीला शिखर नसतं. ती आख्खी पायारेषाच तिरपी उचलते.

आता टॅपेट. हिऱ्याचा एटीआर असेल तर त्यावर दाबून बघण्याचा मोह होईल. बघा, पण दोन अडचणी आहेत. कडक धातू कडक हिऱ्यावर बसला की मध्ये हवेची फट राहते. आणि १००० पाशी प्रकाश नमुन्यात साधारण २ मायक्रॉन खोल जातो, तर आपला थर आहे ०.१ मायक्रॉनचा. शिखर येतं, पण मरतुकडं. एटीआर झिंक सेलेनाइडचा असेल तर पोलाद त्याच्या जवळही नेऊ नका, ओरखडे पडतील आणि फार्मसीवाल्यांशी संबंध संपतील.

त्यापेक्षा परावर्तनाची जोडणी मागा, शक्यतो ८० अंशांच्या आसपासची. धातूला जवळजवळ चाटून जाणारा प्रकाश पातळ थरातून लांबचा रस्ता कापतो. धातूच्या अंगाला समांतर असलेल्या कंपनांना धातूतले इलेक्ट्रॉन झाकून टाकतात. लंब दिशेतलीच दिसतात. म्हणून ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा भाग) असेल तर पी-दिशेला लावा, निम्मा निरुपयोगी प्रकाश गाळला जातो. या पद्धतीला सपाट तोंड लागतं. टॅपेटचं तोंड बहुतेक वेळा किंचित फुगीर असतं, तरी चालून जातं. कॅमचं नाक किंवा गिअरचा दाता असेल तर एफटीआयआर सूक्ष्मदर्शक लागेल.

पार्श्वभूमी म्हणून आरसा घेऊ नका. त्याच पोलादाचा, तसाच घासलेला, तसाच धुतलेला, थर नसलेला तुकडा घ्या. ४ चं रिझोल्यूशन, २५६ किंवा ५१२ स्कॅन. पावसाळ्यात १४०० ते १८०० मध्ये पाण्याच्या वाफेची बारीक करवत दिसते. नमुना ठेवल्यावर दहा मिनिटं थांबून, खोलीतली गर्दी कमी करून पुन्हा घ्या.

१३०० ते ९०० चा आठवडी बाजार

आपला फॉस्फेटचा थर इथे बसतो. लांब साखळीचं पॉलिफॉस्फेट असेल तर १२५० च्या आसपास आणि ९०० च्या आसपास खांदे दिसतात. साखळी आखूड असेल तर सगळा भार १००० ते ११५० मध्ये गोळा होतो. अडचण अशी की या पट्ट्यात जिल्ह्यातली सगळी मंडळी येऊन बसतात. डिटर्जंटमधलं सल्फोनेट, कुलंट गळून आलेला ग्लायकॉल, धूळ, सिलिकोन.

सिलिकोन आणि मी यांची ओळख अशी झाली. एका इंजिनाच्या टॅपेटवर १२६० ला सुंदर शिखर, खाली ११०० ते १००० मध्ये जोडी. पॉलिफॉस्फेट! मी दोन विद्यार्थ्यांना चहा पाजला, प्रकल्पाचा अर्धा अहवाल लिहून घेतला. पुढे दुसऱ्या ठिकाणी मूलद्रव्यं तपासली तर फॉस्फरस जेमतेम आणि सिलिकॉन भरपूर. गराजमध्ये गॅस्केटला लावलेल्या सोल्युशनचं बोट टॅपेटला लागलं होतं. सिलिकोन रबर वर्णपटात नेमकं तिथेच बसतं जिथे आपल्याला फॉस्फेट हवं असतं. ओळखायची खूण अशी: सिलिकोनचं १२६० चं शिखर सुईसारखं बारीक असतं आणि ८०० ला त्याचा जोडीदार हटकून असतो. फॉस्फेट काचेसारखं अव्यवस्थित असल्यामुळे त्याचे उंचवटे रुंद, आळसटलेले. बारीक शिखर दिसलं की मला आता आनंद होत नाही, शंका येते.

दुसरा चोर आपल्याच मातीतला. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर, आणि तिचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध १०३० पाशी जोरात बोलतो. एअर फिल्टर फाटलेल्या ट्रॅक्टरच्या तेलात ही धूळ असतेच. टॅपेटच्या बारीक ओरखड्यांत ती रुतून बसते आणि हेप्टेनने निघत नाही. तिची खूण वरच्या टोकाला: ३६२० च्या आसपासचं बारीक शिखर. ते असेल तर १०३० फॉस्फेटच्या खात्यावर टाकू नका. शेतातली चिमूटभर माती वाळवून तिचा वर्णपट एकदा स्वतः घेऊन वहीत चिकटवा. पुस्तकातल्यापेक्षा उपयोगी पडतो.

सॉफ्टवेअरच्या ‘मॅच’ बटणावरही विसंबू नका. त्यातले बरेच संदर्भ-वर्णपट पारगमनाने, म्हणजे प्रकाश नमुन्यातून आरपार पाठवून, घेतलेले असतात. धातूवरच्या पातळ थराचं चाटत्या कोनातलं परावर्तन घेतलं की फॉस्फेटसारख्यांची जोरदार शिखरं वरच्या आकड्यांकडे सरकतात. पदार्थ तोच, पत्ता वेगळा. यंत्र मग भलत्याच पदार्थाचं नाव नव्वद टक्के खात्रीने सांगतं.

रामन

रामन यांनी आपला परिणाम १९२८ साली जाहीर केला. त्याआधी, १९१० च्या सुमारास, ते सरकारी हिशेब खात्यातल्या नोकरीनिमित्त काही काळ नागपुरात होते. हे सांगितलं की पोरं जरा सरसावून बसतात, म्हणून सांगतो. कामाशी त्याचा संबंध नाही.

कामाचं असं की रामनमध्ये लेझर सूक्ष्मदर्शकातून एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यावर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला त्यावरून बंध ओळखतात. मघाचं एकेक ढेकूळ वेगळं मोजता येतं. ऑक्साइडं ओळखायला याच्यासारखं साधन नाही: हेमाटाइट २२५, २९२, ४११ आणि १३२० ला रुंद, मॅग्नेटाइट ६७० च्या जवळ एकटं. काजळी १३५० आणि १५८० ला. तेलात मॉलिब्डेनमची भर असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची जुळी शिखरं ३८३ आणि ४०८ ला. हेमाटाइटचं १३२० आणि काजळीचं १३५० यांत गल्लत होते. १५८० चा जोडीदार आहे का ते बघा.

लेझरची ताकद कमीत कमी ठेवून सुरुवात करा, नमुन्यावर १ मिलिवॉटच्या खाली. काळं ऑक्साइड प्रकाश गिळून तापतं आणि मॅग्नेटाइटचं तुमच्या डोळ्यांदेखत हेमाटाइट होतं. मग तुम्ही इंजिनात गंज सापडला असं लिहिता, आणि तो गंज तुम्ही स्वतः बनवलेला असतो. एकाच ठिपक्यावर लागोपाठ दोनदा घ्या. दुसरा वर्णपट पहिल्यापेक्षा वेगळा आला तर तुम्ही भाजताय. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरखाली उरलेलं तेल चमकून सगळं धुवून टाकतं. ७८५ चा असेल तर तो मागा. आणि सुरुवातीला सिलिकॉनच्या चकतीवर ५२०.५ च्या आसपासचं शिखर जागेवर आहे ना, ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एक्सपीएस: एकदाच मिळेल असं धरून चाला

क्ष-किरणांनी नमुन्यातले इलेक्ट्रॉन उडवायचे आणि त्यांची ऊर्जा मोजायची. फक्त वरचे ५ ते १० नॅनोमीटर दिसतात, पण मूलद्रव्य कोणतं आणि ते कोणत्या अवस्थेत, दोन्ही कळतं. हे यंत्र तालुक्याला मिळणार नाही. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कोणत्या संस्थेत कोणतं उपकरण आहे ते शोधता येतं. नागपूर आणि मुंबईपासून सुरुवात करा. बुकिंग करताना नमुन्याची कमाल लांबी-रुंदी-उंची, चुंबकीय पोलाद चालतं का, आणि निर्वातात उडणारं तेल नाही याची खात्री, हे तीन प्रश्न लेखी विचारा. नमुना कुरिअरने न धाडता स्वतः न्या. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर बाटली उशाशी घेऊन झोपणारे आमच्यात दोघं-तिघं आहेत.

वेळ मोजून मिळते, म्हणून काय मागायचं ते लिहूनच न्या. आधी पूर्ण पल्ल्याचा सर्व्हे, त्यात सिलिकॉन १०२ च्या आसपास डोकावतोय का ते बघा (सगळे आकडे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये). मग बारकाईने कार्बन, ऑक्सिजन, फॉस्फरस, गंधक, जस्त, लोखंड, कॅल्शियम. कार्बनचं मुख्य शिखर २८४.८ ला बसवून बाकीचे आकडे जुळवतात. जस्त १०२२ ला. फॉस्फेटमधला फॉस्फरस १३३-१३४ ला; त्याच्या शेजारीच १४० पाशी जस्ताचं दुसरं शिखर येतं, त्याला फॉस्फरस समजू नका. गंधक १६२ च्या आसपास असेल तर सल्फाइड, १६८-१६९ ला असेल तर सल्फेट. हा फरक एफटीआयआरमध्ये इतका लख्ख कधीच दिसणार नाही.

सगळ्यात गोड माहिती ऑक्सिजनमध्ये आहे. फॉस्फेटच्या साखळीत दोन फॉस्फरसांना जोडणारा ऑक्सिजन आणि एकाच बाजूला टांगलेला ऑक्सिजन, यांच्या ऊर्जेत सव्वा-दीडचा फरक असतो. टांगलेला ५३२ च्या किंचित खाली, जोडणारा त्याच्या वर. जोडणाऱ्यांचं प्रमाण जास्त, तितकी साखळी लांब. घासलेला पट्टा आणि कड यांची हीच तुलना करायला आपण एवढा खटाटोप केला. मात्र लोखंडाचं ऑक्साइड ५३० पाशी तिसरं शिखर घालतं, ते वेगळं काढायला विसरू नका.

आर्गॉनने थर खरवडत खोलात जाण्याची सोय असते. ती शेवटी, आणि वेगळ्या ठिपक्यावर. आर्गॉनचा मारा रसायनच बदलतो; सल्फेटची अवस्था उतरते, साखळ्या मोडतात. खोलीबरोबर मूलद्रव्यं कशी बदलतात ते वाचा, रासायनिक अवस्थेवर पैज लावू नका.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासोबतचं ईडीएस (नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारी जोडणी) सगळ्यांच्या आवडीचं, कारण रंगीत नकाशे मिळतात. ते एक्सपीएसच्या नंतर करा, इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली थरावर कार्बनचं पुट चढतं. ते साधारण मायक्रॉनभर खोल बघतं, म्हणजे आपल्या थरापेक्षा खालचं लोखंडच जास्त. गंधक आणि मॉलिब्डेनम त्यात एकमेकांवर पडतात. नकाशावर दोन्ही एकाच जागी दिसले तर ती कदाचित नुसती सावली आहे.

सगळं मोजून झालं, फोटो झाले, की एक उलट तपासणी. ईडीटीएचं (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) ०.०५ मोलार द्रावण करा आणि घासलेल्या पट्ट्यावर एक थेंब मिनिटभर ठेवून टिपा. झिंक फॉस्फेटचा थर त्यात विरघळतो. थेंबाच्या जागी निळसर झाक गेली, खाली उघडं पोलाद दिसलं, आणि त्या जागेच्या वर्णपटातून १३०० ते ९०० चा बाजार उठला, तर तुम्ही ज्याला थर म्हणत होता तो खरंच थर होता. झाक गेली नाही तर ती उष्णतेने आलेल्या ऑक्साइडची असू शकते. मग रामनचे वर्णपट पुन्हा काढून बसा.

आमचा मिस्त्री आता टॅपेट घासत नाही. इंजिन खोललं की आधी फोन करतो, “सर, डाग हाय तसाच ठेवला, पाहाले या.” मागच्या खेपेला तर त्याने आठही टॅपेट नंबर टाकून, तेलासकट, नीट ओळीने ठेवले होते. श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात. तेवढं अजून समजवायचं राहिलं आहे.